पाणी, वीज आणि खत : स्वस्त उत्प्रेरकांचा शोध

शेतकऱ्याच्या घरी युरियाची गोणी येते तेव्हा तिच्यात नत्र आहे, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु हवेतील नत्र पिकास उपयोगी पडेल अशा रूपात बांधण्यासाठी हायड्रोजन नावाचा वायू खर्ची पडलेला असतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नत्र असते व ते फुकट मिळते. पैसे पडतात ते हायड्रोजनला. म्हणून हायड्रोजन कोठून येतो व किती खर्चात मिळतो, हा प्रश्न दिसावयास कारखान्याचा असला तरी तो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो.

हायड्रोजनचा सर्वांत मोठा साठा म्हणजे पाणी. विजेच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे दोन भाग करता येतात. ही युक्ती नवी नाही. नवा आहे तो ती स्वस्तात साधण्याचा प्रयत्न. या प्रयत्नाचा मोठा भार ‘उत्प्रेरक’ नावाच्या पदार्थावर आहे. हा पदार्थ काय करतो, काय करू शकत नाही आणि तो स्वस्त धातूंतून कसा घडविला जात आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

गोणीमागचा हायड्रोजन

खताच्या कारखान्यात प्रथम नत्र व हायड्रोजन यांच्या संयोगाने अमोनिया तयार करतात. वजनाने पाहिले तर १७ भाग अमोनियात १४ भाग नत्र व ३ भाग हायड्रोजन असतो. पुढे अमोनियाचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवून युरिया बनवितात. हिशेब केला तर युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीसाठी सुमारे साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो आणि तेवढ्या अमोनियासाठी साडेचार किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे गोणीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका हायड्रोजन प्रत्येक गोणीमागे तयार करावा लागतो.

आपल्या देशातील युरियाचे कारखाने हा हायड्रोजन मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून काढतात. मुंबईतील ट्रॉम्बे व अलिबागजवळील थळ येथील कारखानेही याच मार्गाने चालतात. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा परदेशांतून जहाजांनी आणावा लागतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा जगभर वायूचे भाव भडकले व त्यांच्या मागोमाग खतांचेही भाव चढले. शेतकऱ्यास युरिया ठरवून दिलेल्या दरात मिळत असल्यामुळे त्याला ही झळ थेट लागत नाही. परंतु वाढीव बोजा अनुदानाच्या रूपाने सरकारी तिजोरीवर पडतो, आणि तिजोरीतील पैसा अखेर सर्वांचाच असतो. शिवाय नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन काढताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोही एक दोषच होय.

पाण्याचा हिशेब याहून सोपा आहे. ९ लिटर पाण्यातून १ किलो हायड्रोजन व ८ किलो प्राणवायू मिळतो. एका गोणीला लागणारा हायड्रोजन सुमारे ४० लिटर पाण्यातून निघू शकतो. पाणी आधी अत्यंत शुद्ध करावे लागते व यंत्रे थंड ठेवण्यासही पाणी लागते, म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक पाणी हाताशी असावे लागते. टंचाईच्या भागात असा कारखाना काढताना या गोष्टीचा विचार करावाच लागेल. तथापि खरी अडचण पाण्याची नसून विजेची आहे.

पाणी फोडण्यास वीज किती लागते

इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने पहिली विद्युतघटमाला केली, ती वार्ता इंग्लंडला पोहोचताच १८०० साली लंडन येथे निकोल्सन व कार्लाइल या दोघांनी तिच्या तारा पाण्यात बुडवून पाहिल्या. एका तारेशी हायड्रोजनचे व दुसरीशी प्राणवायूचे बुडबुडे येऊ लागले. आजच्या यंत्राचे तत्त्वही तेच आहे. भांड्यात दोन पत्रे किंवा जाळ्या असतात. विजेच्या ऋण टोकास जोडलेल्या जाळीस ऋणाग्र म्हणतात. तेथे हायड्रोजन निघतो. धन टोकास जोडलेल्या जाळीस धनाग्र म्हणतात. तेथे प्राणवायू निघतो. दोन्ही वायू एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये पडदा असतो. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात कॉस्टिक पोटॅश मिसळतात.

पाणी फोडण्यास विजेचा दाब निदान १.२३ व्होल्ट तरी असावा लागतो. त्या दाबावर पाणी बाहेरची थोडी उष्णताही ओढून घेते. ती उष्णताही विजेनेच पुरवावयाची म्हटली तर १.४८ व्होल्ट लागतात, आणि या हिशेबाने १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे ३९ युनिट वीज खर्च होते. हा निसर्गाचा हिशेब आहे. त्यात कोणासही सूट मिळत नाही.

प्रत्यक्षातील यंत्रे मात्र १.८ ते २ व्होल्टच्या आसपास चालतात व १ किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज खातात. एका गोणीपुरता हायड्रोजन काढावयाचा झाला तर सुमारे २२५ ते २५० युनिट वीज लागेल. पाच अश्वशक्तीचा विहिरीवरील पंप साठ तास चालविल्यास साधारण एवढी वीज खर्च होते. यापैकी जी वीज निसर्गाच्या हिशेबापलीकडे जाते ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा अपव्यय कमी करणे हेच उत्प्रेरकाचे काम होय.

उत्प्रेरक म्हणजे काय

एखादी रासायनिक क्रिया सुलभ व जलद करणारा, परंतु त्या क्रियेत स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. स्वीडनमधील बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली या गुणधर्मास स्वतंत्र नाव दिले.

घाटाच्या उदाहरणावरून ही कल्पना चांगली समजेल. कोकणातून देशावर माल न्यावयाचा आहे असे समजा. कोकण व देश यांच्या उंचीत जो फरक आहे तेवढा चढ गाडीला चढलाच पाहिजे. त्याला इलाज नाही. परंतु गाडी एखाद्या उंच शिखरावरून नेऊन मग पलीकडे उतरविली, तर बैलांचे श्रम नाहक वाढतात. तीच गाडी खिंडीतून नेली तर मधला जादा चढ वाचतो. उत्प्रेरक ही खिंड आहे. तो कोकण आणि देश यांच्यातील उंची कमी करीत नाही. शिखराचा चढ तेवढा टाळतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हायड्रोजन जाळल्याने जेवढी शक्ती मिळते, तिच्याहून अधिक शक्ती पाणी फोडण्यास लागते. उत्प्रेरक कितीही उत्तम असला तरी हा नियम बदलत नाही. म्हणून केवळ पाण्यावर चालणारे इंजिन किंवा पंप विकण्याचा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

लोखंडाने शिकविलेला धडा

स्वस्त उत्प्रेरकाने शेतीचे चित्र कसे पालटते याचे उदाहरण खताच्याच इतिहासात आहे. १९०९ साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथे फ्रित्स हाबर यांनी नत्र व हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया तयार करून दाखविला. त्यांचा उत्प्रेरक होता ऑस्मियम. हा धातू इतका दुर्मिळ, की त्याच्या आधारावर मोठा धंदा उभा राहणे शक्यच नव्हते. मग बी. ए. एस. एफ. या कंपनीत कार्ल बॉश यांच्या देखरेखीखाली आल्विन मिटाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो पदार्थ एकामागून एक तपासून पाहिले. त्यात स्वीडनमधील एका खाणीतले लोहखनिज अनपेक्षितपणे चांगले ठरले. ते का चांगले ठरते याचा शोध घेता असे आढळले, की त्यातील इतर पदार्थांचे अल्प मिश्रण लोखंडाचा गुण वाढवीत होते. शेवटी लोखंडात थोडे अॅल्युमिनियमचे भस्म व थोडे पोटॅश मिसळून स्वस्त उत्प्रेरक सिद्ध झाला, आणि १९१३ साली ओपाऊ येथे पहिला मोठा कारखाना सुरू झाला.

आजही जगभर अमोनिया मुख्यतः लोखंडाच्याच उत्प्रेरकावर तयार होतो. ऑस्मियमवर अडून बसले असते तर रासायनिक खत ही प्रयोगशाळेतील नवलाई होऊन राहिली असती. पाणी फोडण्याच्या बाबतीत आज शास्त्रज्ञ अशाच एका वळणावर उभे आहेत.

आजचे महाग उत्प्रेरक

पाणी फोडण्याची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात कॉस्टिक पोटॅशचे अल्कधर्मी द्रावण वापरतात. ही यंत्रे जुनी व दणकट असून त्यांत निकेलच्या जाळ्या चालतात. परंतु ती आकाराने मोठी असतात व विजेचा पुरवठा सारखा वरखाली झाला तर त्यांचे काम बिघडते. दुसऱ्या प्रकारात द्रावणाऐवजी आम्लगुणी पातळ पापुद्रा असतो. ही यंत्रे आटोपशीर असतात व सौर आणि पवनविजेच्या चढउतारांशी लवकर जुळवून घेतात. मात्र आम्लात लोखंड, निकेल, कोबाल्ट हे धातू विरघळून जातात. म्हणून ऋणाग्रावर प्लॅटिनम व धनाग्रावर इरिडियम वापरणे भाग पडते.

इरिडियम हा पृथ्वीवरील अत्यंत दुर्मिळ धातूंपैकी एक आहे. साऱ्या जगात तो वर्षाकाठी अवघा सात-आठ टन निघतो, आणि तोही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमच्या खाणींत जोडउत्पादन म्हणून. त्याची मागणी वाढली म्हणून केवळ त्याच्यासाठी नवी खाण काढता येत नाही. नैसर्गिक वायूसाठी परदेशांकडे पाहण्याऐवजी इरिडियमसाठी पाहावयाचे, तर परावलंबन संपले असे होणार नाही. स्वस्त उत्प्रेरकाची निकड यातून निर्माण झाली आहे.

स्वस्त उत्प्रेरक कसा घडवितात

पहिली गोष्ट योग्य धातूची निवड. पाण्याचे कण उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर क्षणभर चिकटतात, तेथे फुटतात व वायू होऊन सुटतात. हे चिकटणे बेताचे असावे लागते. फार सैल धरले तर क्रिया सुरूच होत नाही. फार घट्ट धरले तर तयार झालेला पदार्थ सुटत नाही व जागा अडून राहते. १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेंच शास्त्रज्ञ साबातिए यांच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते. शेतकऱ्यास ते वाफशाच्या उदाहरणाने पटेल. जमीन फार ओली असेल तर नांगराला चिकटते, फार कोरडी असेल तर ढेकळे निघतात. वाफसा असतो तेव्हाच मशागत साधते. प्लॅटिनम हा हायड्रोजनसाठी नेहमी वाफशावर असलेला धातू आहे. स्वस्त धातूंना मिश्रणाने वाफशावर आणावे लागते.

दोन्ही टोकांपैकी प्राणवायूचे टोक अधिक कठीण असते. प्राणवायूचा एक रेणू तयार होताना चार विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, एकामागून एक काढून घ्यावे लागतात. चार टप्प्यांपैकी एक जरी अडला तरी सारी क्रिया खोळंबते. या कामी अल्कधर्मी द्रावणात निकेल व लोखंड यांचे मिश्रण फार उपयुक्त ठरले आहे. १९८७ साली अमेरिकेतील कॉरिगन यांनी दाखविले, की निकेलच्या थरात अल्पसे लोखंड आले तरी प्राणवायू पुष्कळ सहज निघतो. पुढे २०१४ साली ऑरेगन विद्यापीठातील बॉचर व सहकाऱ्यांनी त्याहून मोठा उलगडा केला. निकेल चांगला उत्प्रेरक आहे असे अनेक वर्षे मानले जात होते. परंतु लोखंडाचा लवलेशही नसलेल्या द्रावणात त्यांनी निकेल तपासला तेव्हा तो सामान्य ठरला. आतापर्यंतचा गुण कॉस्टिक पोटॅशमधून नकळत आलेल्या लोखंडाचा होता. शेजारच्या वाफ्यातून पाझरलेल्या पाण्याने प्रयोगाचे पीक तरारावे आणि श्रेय बियाण्यास मिळावे, तसा हा प्रकार. लोखंडासारखा सामान्य धातू दुसऱ्यांदा उपयोगी पडला, ही त्यातील आनंदाची बाब.

हायड्रोजनच्या टोकासाठी निकेल व मॉलिब्डेनम यांचे मिश्रण वापरून पाहिले जाते. येथे एक शेतीशी निगडित कथा आहे. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत जे जिवाणू हवेतील नत्र बांधतात, त्यांच्याजवळ लोह, मॉलिब्डेनम व गंधक असलेले एक विकर असते. २००५ साली डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी या विकरातील रचना व मॉलिब्डेनम सल्फाइड या खनिजाची रचना यांत साम्य आहे, हे गणिताने ताडले. हे खनिज पत्त्यांच्या जुडीसारखे थराथरांचे असते. थरांचा सपाट भाग निष्क्रिय, परंतु त्यांच्या कडा प्लॅटिनमच्या जवळपास जातील असा अंदाज निघाला व प्रयोगात कडांचा हा गुण दिसून आला. २००७ साली मोजमापांनी हेही सिद्ध झाले, की जितकी कडांची लांबी अधिक तितका हायड्रोजन अधिक. तेव्हापासून जास्तीत जास्त कडा उघड्या पडतील अशा रीतीने हा पदार्थ बनविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

दुसरी गोष्ट पृष्ठभाग वाढविणे. क्रिया पृष्ठभागावर घडते, धातूच्या पोटात नव्हे. बारीक कुटलेले शेणखत जसे ढेकळापेक्षा लवकर लागू पडते, तसाच हा न्याय आहे. अमेरिकेतील मरे रेनी यांनी १९२७ साली एक सोपी रीत पेटंट करून घेतली. निकेल व अॅल्युमिनियम एकत्र वितळवावयाचे आणि मग कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनियम विरघळवून टाकावयाचे. मागे उरलेले निकेल स्पंजासारखे सच्छिद्र असते. हा निकेल प्रथम सरकीच्या तेलाचे घट्ट तूप करण्यासाठी केला होता. आज तो पाणी फोडण्याच्या जाळ्यांवरही देतात.

तिसरी गोष्ट बांधणी. उत्प्रेरकातून वीज सहज वाहिली पाहिजे, तो जाळीस घट्ट चिकटून राहिला पाहिजे आणि बुडबुडे लवकर सुटले पाहिजेत; बुडबुड्यांनी झाकलेली जागा पडीक रानासारखी निरुपयोगी होते. बनविण्याची रीतही सोपी हवी. धातू स्वस्त असूनही तो तयार करण्यास महागडी भट्टी लागत असेल तर बचत कसली? निकेलची जाळी लोखंडाच्या क्षारात बुडवून तिच्यावर थर चढविण्याच्या साध्या रीतींना म्हणूनच महत्त्व आहे.

पानातील कारखाना

पाणी फोडण्याचे काम प्रत्येक हिरवे पान रोज करीत असते, हे येथे सांगणे अवश्य आहे. सूर्यप्रकाशात पान पाण्यातील प्राणवायू मोकळा करते. आपण श्वासाने घेतो तो प्राणवायू हाच. पानातील उत्प्रेरक मंगल या सूक्ष्म अन्नद्रव्याचे चार व कॅल्शियमचा एक अणू मिळून झालेला आहे. त्यात दुर्मिळ धातू नाही. २०११ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याची बारीक रचना उघड केली. चुनखडीयुक्त जमिनीत मंगलाची कमतरता पडली म्हणजे शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, त्याचे एक कारण हे, की पानातील पाणी फोडण्याचे काम मंदावते. आपल्या राज्यात नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मंगलाच्या खाणी आहेत, आणि या धातूपासून आम्लातही टिकेल असा उत्प्रेरक करण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी चालू आहेत.

पानाचा उत्प्रेरक फार टिकाऊ नसतो. कडक उन्हात त्याला धरून ठेवणारे प्रथिन अर्ध्या तासाच्या सुमारास निकामी होते. पान ते काढून नवे बसविते. म्हणजे निसर्गाने टिकाऊपणाऐवजी दुरुस्तीचा मार्ग धरला. २००८ साली अमेरिकेतील नोसेरा व कानन यांनी कोबाल्ट व फॉस्फेट यांचा एक उत्प्रेरक दाखविला. तो झिजला तरी द्रावणातून पुन्हा जाळीवर बसतो. पानापासून घेतलेला हा धडा पुढील संशोधनास मार्गदर्शक ठरला आहे.

प्रयोगाचा वाफा आणि शेतकऱ्याचे रान

संशोधन केंद्रातील वाफ्यात भरघोस उतरलेले वाण शेतकऱ्याच्या रानात तसेच उतरेल असे नाही, हे विस्तार कार्यकर्त्यास सांगावयास नको. उत्प्रेरकाचेही तसेच आहे. प्रयोगशाळेत नखाएवढ्या तुकड्यावर, एका चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर इतका थोडा प्रवाह सोडून काही तास चाचणी घेतात. कारखान्यात त्याच्या अनेक पट प्रवाह, ७० ते ९० अंश उष्णता आणि तीव्र कॉस्टिक पोटॅश यांत वर्षानुवर्षे काम करावे लागते. थरातील लोखंड हळूहळू विरघळून जाते. सौर वीज सायंकाळी बंद पडली म्हणजे यंत्रात काही काळ उलटा प्रवाह वाहतो व त्याने जाळ्या खराब होतात. म्हणून नव्या उत्प्रेरकाची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. तो किती प्रवाहावर तपासला? किती तास टिकला? केवढ्या जाळीवर लावला? या तिन्हींचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्यास आशादायक म्हणावे, सिद्ध म्हणू नये.

बचत किती होईल

यंत्राचा दाब ०.१ व्होल्टने उतरला तर १ किलो हायड्रोजनमागे सुमारे २.७ युनिट वीज वाचते; एका गोणीमागे १२ युनिट. चांगल्या उत्प्रेरकाने व सुधारलेल्या पडद्याने ०.२ व्होल्ट वाचले तर गोणीमागे २४ युनिट, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या पंपाचे सहा तास. ही बचत लहान नाही. तरी उरलेली दोनशे युनिटे लागणारच. म्हणून स्वस्त उत्प्रेरकाला स्वस्त विजेची जोड मिळाल्याशिवाय या मार्गाने काढलेले खत परवडणार नाही.

इतिहासाचा दाखलाही हेच सांगतो. नॉर्वेमध्ये १९२९ सालापासून र्‍यूकान येथे धबधब्याच्या विजेवर पाणी फोडून खतासाठी हायड्रोजन काढीत असत. आपल्या देशातही पंजाबातील नांगल येथे १९६१ साली सुरू झालेला खत कारखाना भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन मिळवीत असे. पुढे विजेला शेती, घरे व इतर उद्योगांकडून मागणी वाढली आणि हा मार्ग मागे पडला. आता तो कारखाना नैसर्गिक वायूवर चालतो. पाणी तेथे होते, यंत्रेही होती. वीज दुसऱ्या कामांसाठी अधिक मोलाची ठरली.

आता सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज पूर्वीपेक्षा स्वस्त झाल्याने हा विषय पुन्हा पुढे आला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२३ साली या विषयाचे धोरण मंजूर केले.

युरियाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो तोच युरिया करण्यास वापरला जातो. पाण्यापासून हायड्रोजन काढला तर कार्बन डायऑक्साइड दुसरीकडून आणावा लागेल. डी. ए. पी. व अमोनियम सल्फेट यांना मात्र केवळ अमोनिया पुरतो. म्हणून पाण्याच्या हायड्रोजनचा उपयोग या खतांसाठी आधी होणे सोपे आहे.

धोक्याची सूचना

हवेत हायड्रोजन शंभरात चार भागांपासून पंचाहत्तर भागांपर्यंत असला तर ते मिश्रण ठिणगीसरशी स्फोट पावते. या वायूस वास नाही, रंग नाही. म्हणून मोटारीची बॅटरी, मीठ व पाणी घेऊन घरी किंवा गोठ्यात हायड्रोजन साठविण्याचा प्रयोग कोणीही करू नये. मिठाच्या पाण्यातून तर धन टोकाशी क्लोरीन हा विषारी वायू निघतो. शाळेत हा प्रयोग दाखवावयाचा असल्यास शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत व परीक्षानळीपुरताच दाखवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयावर गावात प्रश्न निघाल्यास पुढील गोष्टी सांगाव्यात.

१. पाण्यातून हायड्रोजन काढता येतो, परंतु त्यास वीज लागते. उत्प्रेरक विजेचा अपव्यय टाळतो. वीज निर्माण करीत नाही.

२. लोखंड, निकेल, मॉलिब्डेनम व मंगल यांसारख्या धातूंपासून स्वस्त उत्प्रेरक घडविण्याचे काम चालू आहे. अल्कधर्मी द्रावणात त्यास बरेच यश आले आहे. आम्लात इरिडियमची जागा घेणे अद्याप कठीण आहे.

३. हे काम मोठ्या कारखान्यांचे आहे. त्यासाठी यंत्र, भुकटी किंवा संच विकत घेण्याच्या नादी शेतकऱ्यांनी लागू नये.

४. गोणीमागे दोन-अडीचशे युनिट वीज लागेल एवढी शक्ती तिच्यातील नत्र बांधण्यात गुंतलेली असते. म्हणून माती तपासून, हप्त्याहप्त्याने व ओल पाहून खत देणे ही बचत आजच हाती आहे. द्विदल पिकाच्या बियाण्यास रायझोबियम लावणे म्हणजे नत्र बांधणारा निसर्गाचा स्वस्त उत्प्रेरक रानात नेणे होय.

ऑस्मियमची जागा लोखंडाने घेण्यास १९०९ ते १९१३ अशी चार वर्षे व हजारो चाचण्या लागल्या, आणि त्यानंतर जगातील शेतीचा नत्राचा प्रश्न पूर्वीसारखा राहिला नाही. पाण्याचा प्रश्न त्याहून बिकट आहे व त्याला अधिक काळ लागत आहे. तो सुटेल त्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती येणारी गोणी दिसावयास आजच्यासारखीच असेल. मात्र तिच्यातील नत्र बांधणारा हायड्रोजन परदेशातून जहाजाने आलेल्या वायूतून न येता आपल्या देशातील पाणी व सूर्यप्रकाश यांतून आलेला असेल.